सर्जाची झूल

"गाडी सांभाळायची अक्कल मला कुणी शिकवायची न्हाई! उभा जन्म बैल सांभाळले, बॅटरी काय चीज हाय?" मारुतराव ताथवड्याच्या चौकात छाती काढून सांगायचे.

शेतात फ्लॅटचे टॉवर उभे राहिले, गोठा रिकामा झाला, शेवटचा बैल सर्जा म्हातारपणानं गेला. मग मारुतरावांनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि तिचं नावही सर्जाच ठेवलं. दुखऱ्या गुडघ्यांना तेवढाच आधार!

नात उत्कर्षा चाकणच्या कंपनीत सेफ्टीचं काम बघते. तिनं बजावलं होतं, "आजोबा, बॅटरी चार्ज करताना मोकळ्या फरशीवर ठेवा. दाराच्या वाटेत नको, वर काही झाकू नका, लावून झोपू तर अजिबात नका!" मारुतरावांनी मान डोलावली. डॉक्टरनं साखर सोडायला सांगितल्यावरही ते अशीच डोलवतात.

आणि बैलपोळा आला.

सणाच्या दिवशी सर्जानं कोरडं उभं राहायचं? छे! स्कूटर धुतली, हँडलला गोंडे बांधले, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. मग बॅटरी काढून उंबऱ्याशी चौरंगावर मांडली, चार्जिंगला लावली आणि ट्रंकेतून सर्जाची मखमली झूल काढून तिच्यावर पांघरली. "आज आराम कर, लेका," म्हणत थोपटलं आणि पुरणाच्या गुंगीत स्वतःही आडवे झाले.

जाग आली ती वासानं.

"अगं, पोळी करपली!"

"गॅस कवाच बंद केलाय!" बायको आक्काबाई आतून म्हणाल्या. बघतात तर झुलीतून धूर! मारुतरावांनी कळशी उचलली.

"आजोबा, जवळ जाऊ नका! मागच्या दारानं बाहेर या!" सणाला आलेली उत्कर्षा अंगणातून किंचाळली. तिनं बाहेरच्या मीटरपेटीतला मेन स्विच पाडला, बंबाला फोन लावला. पुढचं दार तर सर्जानंच अडवलं होतं. धुरात खोकत मारुतरावांनी आक्काबाईंना कसंबसं मागून बाहेर काढलं.

बंब आला, तेव्हा ते फाटकाशी ओरडत होते, "माझा सर्जा आत हाय वो! मुका जीव हाय!"

एक जवान दोर घेऊन थेट गोठ्यात घुसला. "जनावर कुठंय?"

"जनावर न्हाई, बॅटरी हाय!" आक्काबाई ओरडल्या.

"मग सर्जा कोण?"

"बैल! तो मेला!"

जवानानं हेल्मेट काढलं. "अरेरे! धुरानं?"

"न्हाई वो, म्हातारपणानं! कवाच!"

आग विझली. बॅटरी गेली, दाराची चौकट काळी पडली, झुलीचा एक गोंडा तेवढा उरला. तो मुठीत धरून मारुतराव पायरीवर बसले. "त्याची शेवटची आठवण व्हती, पोरी."

उत्कर्षाला रागवायचं होतं, पण जमेना. ती शेजारी टेकली. "आजोबा, आजी आत होती."

मारुतरावांचे डोळे भरले. "आन् दार मीच अडवलं व्हतं," ते पुटपुटले.

आता नवी बॅटरी रिकाम्या गोठ्यात, उघड्या फरशीवर चार्ज होते. मारुतराव समोर खुर्ची टाकून राखण करतात आणि भरली की लगेच प्लग काढतात.

परवा आक्काबाई चहा घेऊन आल्या. "लगीन झाल्यापास्नं माझ्याकडं कवा असं टक लावून बघितलं न्हाई!"

"तू तापलीस की गावाला कळतं," मारुतराव नजर न हलवता म्हणाले. "ही बिचारी मुकी हाय!"

चहा आला तसा परत गेला.