वीस किलोंचा संशय

वजनमापं निरीक्षकसाहेब बायकोच्या व्यायामशाळेत बाकावर उताणे पडले, दहा-दहा किलोंच्या दोन प्लेटा लावलेला बार त्यांनी कसाबसा वर ढकलला आणि खाली घेताना बरगड्या अशा दाबल्या गेल्या की डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याच बाकावर बायको रोज चाळीस किलो उचलायची, तेही गुणगुणत. रविवारी तिची पन्नाशीपुढच्या बायकांची स्पर्धा होती. ती उचलते त्याच्या निम्म्या वजनात आपला जीव कासावीस व्हावा, हे साहेबांना काही केल्या पटेना. पंचवीस वर्षं दुकानदारांची खोटी वजनं पकडलेला माणूस तो! त्यांना लगेच लबाडीचा वास आला.

"प्लेटांत शिसं भरलंय," ते छाती चोळत म्हणाले.

"काका, तुम्ही बार छातीवर टेकवलात आणि श्वास कोंडून धरलात," प्रशिक्षक म्हणाला. "दाब येणारच."

"लबाड माणूस आधी गिऱ्हाइकाचीच चूक काढतो."

तासाभरात साहेब सरकारी काटा आणि सील घेऊन परत आले. बायको काट्याच्या आड उभी राहिली.

"अहो, फरक निघाला तर?"

"व्यायामशाळेला कुलूप! सगळ्यांना एकच न्याय."

"आणि माझी स्पर्धा? सहा महिने घाम गाळलाय मी!"

"कायद्याला बायको नसते."

पहिली प्लेट दहा किलो भरली. दुसरीही दहा. साहेबांनी उलटी करून ठेवली, तरी दहाच. मग त्यांना काट्याचाच संशय आला. शिक्क्याची वजनं ठेवून काटा तपासला, तो चोख निघाला. आता ते प्रशिक्षकाच्या खिशांकडे बघू लागले.

"हा बार मोजलात?" बायकोनं विचारलं.

"त्याच्यावर आकडा कुठाय? आकडा नाही ते वजन नव्हे."

तिनं बार उचलून काट्यावर आडवा ठेवला. वीस किलो!

साहेबांनी बोटांवर बेरीज केली. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे मी चाळीस उचलले!"

"आणि मी साठ," बायको बाकावर पडत म्हणाली.

साहेबांनी सील खिशात घातलं. तिनं बार सहज खालीवर केला. त्यांना राहवेना.

"तुझी छाती कधीच दुखली नाही?"

"पहिला महिनाभर दुखायची की."

"मग कधी बोलली नाहीस?"

"काय बोलणार? मला वाटायचं, तुमच्यामुळेच दुखते."