जित्या बैलाचा दहावा

"मोबाइलवरचं बोटानं पुसलं जातं. छापलेलं कुणाच्या बापाला पुसता येत न्हाई!"

हौशीरामचं हे वाक्य मळवली स्टेशनाबाहेरच्या टपरीवर इतक्यांदा झालं होतं, की तो "मोबाइलवरचं" एवढं म्हणाला की टपरीवाला गाळणी धुवायला आत जाई. हौशीरामला त्याचाही राग येई. तसं त्याला राग यायला फार काही लागत नसे. कोणी मान खाली घालून अंगठा हलवताना दिसला, तरी त्याचं डोकं फिरायचं.

रेल्वेच्या फाटकावर नोकरी करता करता त्यानं 'बारी' नावाचं मासिक काढलं, त्याला सत्तावीस वर्षं झाली. बैलगाडा घाटातून, म्हणजे शर्यतीच्या चढावरून, एकदा पळाला की ती एक बारी. कोणाची बारी किती सेकंदांत बसली, कुठल्या गाईचं खोंड पुढे नाव काढील, खूर कसा पारखावा, असं सगळं त्यात असे. गंमत म्हणजे शर्यतींवर बंदी होती, त्या वर्षांत मासिक सगळ्यात जोरात चाललं. बघायला काही नव्हतं, मग लोक वाचत होते. बंदी उठली आणि घात झाला. आता घाटातली धूळ खाली बसायच्या आत निकाल मोबाइलवर येतो. तोच निकाल 'बारी'त महिन्यानं येतो, तोवर हरलेला मालकसुद्धा तो विसरलेला असतो.

वर्गणीदार घसरत घसरत दोनशेवर आले. बरोबर दोनशे. तळेगावचा छापखानेवाला दत्तोबा जुना मित्र, पण त्यानंही सांगून टाकलं, "हौशीराम, दोनशेच्या खाली एक जरी आला, तरी मी मशीन चालू करणार नाही. मैत्री आहे म्हणून दोनशे. नाहीतर हजाराखाली मी बोलतसुद्धा नाही."

म्हणजे एक माणूस गळाला की सत्तावीस वर्षांवर माती. हौशीराम महिनाभर दात खाऊन फिरत होता. या मोबाइलला एकदा तरी मागे टाकायचं, एक तरी बातमी आधी द्यायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

आणि तशी बातमी चालत आली. आंदर मावळातल्या महिपतीचा रुबाब आजारी पडला. रुबाब म्हणजे साधा बैल नव्हे. सलग तीन वर्षं घाटाचा राजा! फिरायला आलेल्या लोकांनी फेकलेली वेफरची पाकिटं त्यानं खाल्ली आणि पोट ढोलासारखं फुगलं. त्या वाडीतून रोज दूध घेऊन खाली येणारा जानू शुक्रवारी सकाळी सांगून गेला, "डॉक्टरनी हात टेकलं. उद्याचा दिवस काडला तरी लय झालं."

अंक त्याच दुपारी छापायला जायचा होता. हौशीराम घरी आला आणि टायपिंग करणाऱ्या सुनेला म्हणाला, "सारिका, मुखपृष्ठ बदल. रुबाबचा मोठ्ठा फोटू टाक. काळी चौकट कर. वर लिव, भावपूर्ण श्रद्धांजली."

सारिकाचे हात थांबले. "आबा, तो अजून जिवंत आहे."

"अंक लोकांच्या हातात बुधवारी पडनार. तवर बैल कुटं असनार? आपन बुधवारचं लिवतोय."

"आणि नाही गेला तर?"

"डॉक्टरपरीस तुला जास्ती कळतं का?"

मग त्यानं स्वतः बसून मृत्युलेख लिहिला. लिहिताना रडला. खरंच रडला, चष्मा दोनदा पुसला. लेख संपल्यावर त्याला आणखी एक सुचलं. आमच्याकडे शर्यतीचा बैल गेला की माणसासारखा त्याचा दहावा होतो, गाडामालक लांबून येतात, प्रवचन होतं, जेवण होतं. ती तारीख सगळ्यांच्या आधी 'बारी'त आली, तर मोबाइलचं नाक कापलं जाईल. हौशीरामनं बोटं मोजली. शनिवार पहिला दिवस, रविवार दुसरा... दहावा बरोबर पुढल्याच्या पुढल्या सोमवारी. मुखपृष्ठावर खाली छापलं : 'दशक्रिया विधी सोमवारी सकाळी, राहत्या वाडीवर.'

सारिका म्हणाली, "आबा, ज्याच्या घरचं कार्य, त्याला विचारलंत का?"

"तिकडं डोंगरात रेंज न्हाई. कसं इचारनार?"

सोमवारी अंक टपालात पडले. बैलाच्या उस्तवारीत अडकून तीन-चार दिवस न उतरलेला जानू मंगळवारी दुधाची किटली घेऊन आला आणि ओट्यावर टेकला.

"रुबाब उटला की ओ, आबा."

"उटला म्हंजी?"

"डॉक्टरनी नळी घातली, गोडंतेल पाजलं. रविवारी पाकिटं भायेर पडली. आज दोन पेंड्या वैरण खाल्ली त्यानं."

हौशीराम संतापला. डॉक्टरवर, जानूवर, गोडेतेलावर आणि खरं सांगायचं तर बैलावरही. सत्तावीस वर्षं त्या जातीचं कौतुक केलं, आणि एकाला वेळेवर मरता येऊ नये! मग त्याची त्यालाच लाज वाटली आणि त्यामुळे तो आणखीच संतापला. पोस्टात धावला, पण गठ्ठा गेला होता.

"मी मोबाइलवर एक ओळ टाकते," सारिका म्हणाली. "'रुबाब सुखरूप आहे.' मिनिटात सगळीकडे जाईल."

"खबरदार! बारीची चूक बारीच सुधारंल. फुडच्या अंकात चौकट टाकू."

"पुढचा अंक महिन्यानं. तोवर लोक दहाव्याला जाऊन जेवून येतील."

"कोन वाचतंय हल्ली?" हौशीराम म्हणाला आणि जीभ चावली. सारिकानं मोबाइल खाली ठेवला. स्वतःचं ते वाक्य त्याला आठवडाभर चावत राहिलं.

सत्तावीस वर्षं त्यानं देवाला एकच मागणं केलं होतं, माझा अंक सगळ्यांनी वाचू दे. त्या आठवड्यात त्यानं पहिल्यांदा उलटं मागितलं. सोमवार उजाडला तसा त्याला घरात बसवेना. कामशेतपर्यंत लोकल, पुढे एसटी, आणि एसटीनं सोडल्यावर दीड तास पायी. चढ चढताना त्याच्या शेजारून जीपा वर जात होत्या. एक गेली, दुसरी गेली, पाचवी गेली. सहाव्या जीपमध्ये भजनी मंडळ होतं, आणि हौशीरामनं तोंड डोंगराकडे फिरवलं.

वाडीवर चाळीस-पन्नास माणसं जमली होती. पांढऱ्या टोप्या, हातात हार, झाडाला बांधलेला रुबाबचा फ्लेक्स. फ्लेक्सखाली खुद्द रुबाब उभा राहून एकेक हार खात होता. आणि मधोमध महिपती, हातात चाबूक.

"आला का? या, संपादकसायेब! माझ्या लेकराला जित्तेपनी मारलंसा! घरातल्या बाया सकाळधरनं रडत्यात. एवड्या मानसांना मी काय जेवाया घालू?"

"महिपती, डॉक्टरच बोलल्यालं..."

"डॉक्टर बोल्ला, मी बोल्लो का? दहा दिसांत एकदा येऊन बघाया तुमचं पाय मोडलं व्हतं?"

धोंडिबा नावाचा नवलाख उंबरे गावचा गाडामालक पुढे झाला आणि त्यानं टोपी काढली. डोकं गुळगुळीत. "आबा, दुखवटा म्हनून मी डोकं केलं. फुडच्या म्हैन्यात पोरीचं लगीन हाय. आता फोटूत मी आसा दिसनार व्हय?"

सगळे एकदम बोलायला लागले. शिव्यांचा नुसता पाऊस पडला. पण हौशीराम त्या शिव्या ऐकता ऐकता हळूहळू ताठ होत गेला. त्याला भलतंच काहीतरी उमगत होतं. पन्नास माणसं! मरणाची खोटी का होईना, पण बातमी वाचून पन्नास माणसं डोंगर चढून आली होती. तो तिथल्या दगडी ओट्यावर चढला.

"चुकलो!" तो ओरडला. "पायताण काडा आन मारा. पर एक सांगा. कोन म्हनतं छापलेलं कुनी वाचत न्हाई? तुमी समदे वाचूनच आला का न्हाई? बारीचा अंक कुनाकुनाकडं हाय, हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही. माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग धोंडिबानं खिशातून मोबाइल काढला. शेजाऱ्यानं काढला. बघता बघता पन्नास मोबाइल बाहेर आले, आणि पन्नासांवर एकच फोटो : 'बारी'चं मुखपृष्ठ. रंगीत छपाई किती झकास झाली म्हणून दत्तोबानं छापखान्याच्या जाहिरातीसाठी मंगळवारीच तो टाकला होता.

"आरं, पर तुमी तर वर्गनीदार! अंक घरी येतो न्हवं?"

"येतो की," धोंडिबा खाली बघून म्हणाला. "वर्गनी म्हाताऱ्याच्या नावावं हाय. म्हातारा गेला, पर बंद कराया जीव व्हत न्हाई. येतो तसा माळ्यावं ठिवतो. वरचा कागुद बी फोडत न्हाई."

चार-पाच टोप्या हलल्या. आमचं पण तसंच, अशा. हौशीराम ओट्यावर मटकन बसला. शिव्या त्याला लागल्या नव्हत्या, हे लागलं. दोनशे घरांत अंक जात होता आणि माळ्यावर मरत होता, आणि हा मूर्ख त्याची चार-चारदा मुद्रितं तपासत होता. रागानं त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात महिपतीनं बंडीच्या खिशातून एक घडी घातलेला अंक काढला. कोपरे दुमडलेले, हळदीचं बोट लागलेलं.

"हितं रेंज न्हाई," तो म्हणाला. "म्हनून मी वाचतो. पैल्या पानापास्नं शेवटच्या पानापत्तुर. दोनशांत तुमचा वाचनारा मी येकटा, हौशीरामभाऊ, आन तुमी माझाच बैल मारला. फुडच्या म्हैन्यापास्नं माजं नाव काडा!"

एकशे नव्याण्णव. हौशीरामला दत्तोबाचं मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

आणि महिपती तो अंक त्याच्या तोंडासमोर हलवत असतानाच रुबाबनं मान लांब केली, अंक अलगद ओढून घेतला आणि चावायला लागला.

"आरं! काडा, काडा!" महिपतीचा रंग उडाला. "परत प्वाट फुगंल!"

"न्हाई फुगायचं," हौशीराम ताडकन उठला. त्याही अवस्थेत त्याचा बाणा गेला नव्हता. "वेफरचं पाकीट न्हाई ते. कागुद हाय. कागुद पचतो."

सगळे बघत राहिले. श्रद्धांजली गेली, काळी चौकट गेली, दशक्रियेची तारीख गेली. मग आतली पानं गेली. रुबाबनं शेपटी हलवली.

महिपतीचा चेहरा पडला. "चौदावं पान ऱ्हायलं व्हतं माजं. खुराच्या दुखन्यावरचं. आज वाचनार व्हतो." त्यानं धोंडिबाकडे हात केला. "बघ रं तुज्याकडं."

धोंडिबानं मोबाइल चाळला, शेजाऱ्यानं चाळला. चौदाव्या पानाचा फोटो कुणाकडेच नव्हता. मुखपृष्ठाच्या आत कुणी गेलंच नव्हतं.

महिपतीनं चाबूक खाली टाकला. "मंग फुडच्या अंकात ते पान परत छापा. ते वाचतो, आन मंग नाव काडतो. तवर काडू नगा."

हौशीराम अंधार पडायला घरी पोचला. सारिका दारातच उभी होती. "आबा, कुणी मारलं नाही ना? किती वाचक आले होते?"

"दोन."

"दोनच?"

"व्हय. एकानं वाचला आन एकानं खाल्ला." त्यानं चपला कोपऱ्यात भिरकावल्या. मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "ती तुजी ओळ... टाक मोबाइलवर. रुबाब सुखरूप हाय म्हून. आन खाली लिव, सविस्तर बारीच्या अंकात, पान चौदा."