विचाराची कमाल मर्यादा नऊ मिनिटे

दुरुस्तीला लागणारा वेळ आणि दुरुस्तीच्या मान्यतेला लागणारा वेळ यांत गल्लत करणारी माणसे सार्वजनिक कार्यात फार काळ टिकत नाहीत. मी टिटवाळ्यातल्या एका मोफत अभ्यासिकेचा एकोणीस वर्षे चिटणीस आहे, तेव्हा हे मी अधिकाराने सांगू शकतो.

आमच्या अभ्यासिकेत अकरा संगणक आहेत. कोलशेतच्या एका कंपनीने ते आम्हाला भेट दिले. (टाकून द्यायचे तर टेम्पो लागतो. भेट द्यायचे तर टेम्पो घेणाऱ्याने आणायचा असतो.) ही भेट घडवून आणली क्षिप्राने. ती त्याच कंपनीत लिफ्टसाठी प्रोग्राम लिहिते आणि आमचे अध्यक्ष भाऊ यांची मुलगी आहे. सगळा टिटवाळा त्यांना भाऊ म्हणतो, म्हणून तीही भाऊच म्हणते.

त्या संगणकांवर तिने खुली ऑपरेटिंग सिस्टीम घातली. खुली म्हणजे जी कोणालाही फुकट वापरता येते, आतून वाचता येते आणि हिंमत असल्यास दुरुस्त करता येते. (वापरणारे आणि दुरुस्त करणारे यांचे प्रमाण लग्नातले वऱ्हाडी आणि आचारी यांच्याइतके असते.)

सगळे उत्तम होते. फक्त दहा मिनिटे हात लावला नाही, की स्क्रीन झोपायचा आणि पुन्हा उठायचा नाही. आत पंखा फिरतोय, दिवा लागलाय, समोर मात्र काळोख. मग पिन उपटून परत लावायची आणि लिहिलेले सगळे विसरायचे. क्षिप्राने पहिल्याच रविवारी झोपच बंद करून पाहिली. त्यामुळे स्क्रीन दिवसभर जागे राहिले आणि इन्व्हर्टर दुपारच्या भारनियमनात अर्ध्या तासात मान टाकू लागला. शेवटी समितीने ठराव केला आणि मी स्वतः सूचना लिहून भिंतीवर लावली :

“विचार करताना माउस हलवत राहावा. विचाराची कमाल मर्यादा नऊ मिनिटे. हुकमावरून.”

सूचनेचा परिणाम चांगला झाला. विचार करणाऱ्यांच्या संख्येत बासष्ट टक्के घट झाली. माउस मात्र चार बदलावे लागले.

हा नियम मोडला तो शिवानी मढवीने. मुलगी एकवीस वर्षांची, अभ्यासू, सरकारी नोकरीच्या परीक्षेचा फॉर्म भरत होती. शेवटची तारीख, शेवटची वेळ संध्याकाळचे पाच. सव्वाचारला ती एका प्रश्नापाशी अडली : ‘आपल्या कुटुंबात एकूण व्यक्ती किती?’ घरात आईवडील, दोन भाऊ, आजी आणि एक काका. काका आठवड्यातले तीन दिवस असतो. तिने बाहेर जाऊन आईला फोन केला.

“आई, काकाला धरायचा का गं?”

“जेवतो ना आपल्यात? मग धर.”

“पण त्याचं नाव रेशन कार्डात नाय.”

“मग नको धरू. थांब, बाबांना विचारते.”

बाबांचे मत येईपर्यंत बारा मिनिटे गेली. शिवानी आत आली तेव्हा स्क्रीन काळा होता. तिने पिन उपटली, संगणक सुरू केला, पहिल्या पानापासून लिहायला लागली. तिसऱ्या पानावर पाच वाजले आणि वेबसाइट बंद झाली.

ती रडली नाही. रविवारी क्षिप्रा आली, तेव्हा एवढेच म्हणाली, “मॅडम, मी काका बिनधास्त धरला असता ना, तर फॉर्म गेला असता. विचार केला म्हणून वर्ष गेलं.”

क्षिप्राने लॅपटॉप उघडला आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात शिरली. या गाभ्याला कर्नल म्हणतात आणि त्यातल्या ज्या भागाकडे स्क्रीन सांभाळण्याचे काम असते त्याला ड्रायव्हर म्हणतात. (समितीचे ज्येष्ठ सदस्य बाळकाका हे ऐकून म्हणाले, “ड्रायव्हर ऐकत नसेल तर सरळ कर्नलसाहेबांच्या कानावर घाला. मिलिटरीत शिस्त असते.”)

तीन रविवारांनी दोष सापडला. ड्रायव्हर स्क्रीनला ‘ऊठ’ म्हणायचा आणि दहा मिलिसेकंद वाट बघायचा. आमचे स्क्रीन वयस्कर. त्यांना उठायला चौदा लागायचे. दहाव्याला उत्तर आले नाही, की ड्रायव्हर ‘घरात कोणी नाही’ असे समजून निघून जायचा. क्षिप्राने एका ओळीत दहाचे वीस केले. स्क्रीन उठला.

“झालं! अकराही मशीनवर टाकते,” ती म्हणाली.

“नाही,” भाऊ म्हणाले. “ही तुझी घरगुती दुरुस्ती. पुढच्या अपडेटला पुसली जाईल. उद्या तू नसलीस तर आम्ही कोणाला शोधायचं? वरून मंजूर होऊन येईल तेच घालायचं.”

“भाऊ, एक आकडा बदललाय मी.”

“मग एका आकड्याला मंजुरी मिळायला कितीसा वेळ लागणार?”

भाऊंचा हा प्रश्न त्या वेळी मला बिनतोड वाटला होता.

क्षिप्राने बदल जगभरातल्या जाणकारांच्या ईमेल-यादीवर पाठवला. इथून पुढची कार्यपद्धती आमच्यासारख्या संस्थांनी डोळ्यांसमोर ठेवावी अशी आहे. पहिले उत्तर दोन तासांत आले : ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकीच्या बटणाने सोडली आहे. तिने ती बरोबर बटणाने सोडली. दुसरे : वर्णनात ‘वेळ वाढवली’ असे आहे, ‘वेळ वाढवा’ असे हवे. तिने आज्ञार्थ घातला. तिसरे उत्तर एका अतिथंड देशातल्या गृहस्थांचे होते. त्यांचा स्क्रीन व्यवस्थित उठतो, सबब दोष अस्तित्वात नाही. चौथ्याने विचारले, वीसच का? पंधरा का नाहीत? पाचव्याने सुचवले, की जगातल्या सर्वच स्क्रीनच्या सर्वच झोपांसाठी एक व्यापक धोरण का आखू नये. त्यावर एकसष्ट ईमेल झाले. त्यांतले चाळीस धोरणाच्या नावाबद्दल होते आणि दोन सभासदांनी एकमेकांशी बोलणे सोडले. क्षिप्रा त्या एकसष्टांत कुठेच नव्हती.

तिने वर्णनात शिवानीच्या फॉर्मची हकिगत घातली होती. अंतिम मंजुरी देणाऱ्या मुख्य देखभालकर्त्यांनी सौजन्याने लिहिले : “वाईट वाटले. भावना काढा, मोजमाप द्या.”

मोजमाप शिवानीने दिले. रोज दुपारी ती वही घेऊन बसायची. स्क्रीन झोपवायचा, उठवायचा, नोंद करायची. अकरा संगणक, प्रत्येकी शंभर वेळा. जुन्या आकड्याने हजार वेळा काळोख. (उरलेले शंभर वेळा खिडकीजवळच्या मशीनचे. ते नेहमी उठायचे. का ते कोणालाच माहीत नाही आणि यादीवर कोणी विचारलेही नाही.) नव्या आकड्याने (तो भाऊंनी मोजणीपुरताच घालू दिला) अकराशेच्या अकराशे वेळा उजेड.

सातव्यांदा पाठवलेला बदल ‘योग्य आहे, पण चुकीच्या आठवड्यात आला’ म्हणून परत आला. तेव्हा क्षिप्राने लॅपटॉप मिटला.

“मी सोडतेय हे,” ती म्हणाली. “ऑफिसात माझ्या प्रोग्रामवर माणसं वीस मजले वर जातात. तिथे एवढं कोणी विचारत नाही.”

मला हे ऐकून लिफ्टबद्दल थोडी काळजी वाटली, पण तो विषय नव्हता.

“अहो मॅडम,” शिवानी म्हणाली, “मी बावीसशे वेळा बसलेय इथे. तुम्ही एक मेल टाका ना.”

क्षिप्राने तिच्याकडे पाहिले आणि लॅपटॉप उघडला. आठवी आवृत्ती गेली. ती मंजूर झाली. दोष सापडल्यापासून चौदा महिने लागले होते.

जागतिक गाभ्याच्या कायमच्या दप्तरात आता एक नोंद आहे. लेखक म्हणून क्षिप्राचे नाव, आणि खाली ‘तपासणी : शिवानी मढवी’. शिवानीने त्याची छपाई करून घरी नेली. आईने विचारले, “म्हणजे नोकरी लागली?” शिवानी म्हणाली, “नाय गं. पण नाव लागलं.” आईने तो कागद लाइटबिलांबरोबर खिळ्याला लावला. त्या घरात महत्त्वाचे कागद तिथेच लागतात.

यथावकाश अपडेट टिटवाळ्यात पोहोचले. अकराही स्क्रीनच्या कोपऱ्यात चौकोन आला : ‘सुधारणा तयार आहे. आता की नंतर?’ भाऊंनी सगळीकडे ‘नंतर’ दाबले. रोज दाबत राहिले. तेविसाव्या दिवशी क्षिप्राला कळले.

“भाऊ! वरून मंजूर होऊन आलंय हो!”

“अगं, चालू मशीनला कशाला हात लावायचा?”

“चालू कुठे आहे? बंद पडतंय!”

“बंद पडण्याची सवय झालीये आता मुलांना. नवीन काही निघालं तर पुन्हा सवय लावावी लागेल.”

अध्यक्ष आणि त्यांची कन्या यांच्यात हा विचारविनिमय चालू असताना शिवानीने अकरा संगणकांवर ‘आता’ दाबले. परवानगी न घेता. चिटणीस म्हणून मी तिला ताकीद द्यायला हवी होती. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो.

दहा मिनिटांनी अकरा स्क्रीन झोपले. तिने एकेक माउस हलवला. अकराही उठले. एका मुलाने मान वर करून पाहिले आणि पुन्हा वहीत घातली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. स्क्रीन दिसणे ही टाळ्या वाजवण्याची गोष्ट नव्हे. क्षिप्रा मात्र उगाचच बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आली.

शिवानीने त्या वर्षीचा फॉर्म तिथेच भरला. काकाला धरून. निकाल अजून लागायचा आहे.

आपल्यालाही हे सगळे हास्यास्पद वाटले असेल. चार मिलिसेकंदांसाठी चौदा महिने! पण आपल्या फोनच्या वरच्या कोपऱ्यातही गेला दीड महिना एक ठिपका दिसतो आहे. तो कोणत्या गावच्या कोणत्या बाईने किती आवृत्त्यांनंतर आपल्यापर्यंत पोहोचवला, याची चौकशी आपण केलेली नाही. आज सकाळीही आपण अंगठ्याने ‘नंतर’ दाबलेत, आणि चहा पिता पिता म्हणालात, की या देशात कुठलीच गोष्ट वेळेवर होत नाही.