अर्धा मोर उशिरा पोचला

ऋतुजाने डबा खायला जाताना हेमावतीअक्कांना एवढंच सांगितलं, "फाईल तयार आहे. कारखान्याला नुसती पाठवायचीय." फाईलमध्ये होता तिने एकटीने आखलेला पहिला सर्किट बोर्ड. तो चालला तर नोकरी पक्की होणार होती.

अक्का कंपनीच्या मालकीण. माहेर-सासर दोन्ही चादरी विणणारं. पडद्यावरचा बोर्ड पाहून त्यांचा जीव कळवळला. डावीकडच्या तांब्याच्या रेघा नागमोडी, उजवीकडच्या सरळ. एका काठाला नक्षी आणि दुसरा कोरा! त्यांनी डावीकडची नक्षी उजवीकडेही उतरवली. पडदाभर लाल खुणा उमटल्या. अक्कांनी त्या बंद करायचं बटण शोधलं आणि फाईल पाठवून दिली.

बोर्ड तयार होऊन आले तेव्हा ऋतुजा रडकुंडीला आली.

"अक्का, ती नक्षी नव्हती ओ! सगळे सिग्नल एकदमच पोचायला पाहिजेत. डावीकडचा रस्ता जवळचा, म्हणून वळणं देऊन लांब केला होता. नियम मोडला तर कळावं म्हणून त्या लाल खुणा!"

"मग उजव्या बाजूनं काय पाप केलंय?" अक्कांनी विचारलं.

तेवढ्यात गिऱ्हाईक दारात. कासीमशेठना मागावर तुटलेला धागा पकडणारा कॅमेरा हवा होता; हा बोर्ड त्याच कॅमेऱ्यात बसवलेला. त्यांनी आपली मोराची चादर कॅमेऱ्याखाली पसरली. पडद्यावर मोराची मान एकीकडे, पिसारा पायऱ्यापायऱ्यांनी दुसरीकडे, आणि रंग जांभळा.

ऋतुजाने मनातल्या मनात राजीनामा लिहिला.

"हा मोर कुणाचा?" शेठनी विचारलं.

"तुमचाच आहे, शेठ," ऋतुजा म्हणाली. "अर्धा वेळेवर पोचलाय, अर्धा उशिरा."

"अब्बांच्या काळापासून तोच मोर विकतोय मी! असला सोलापुरात कुणाकडं न्हाय. फोटो काढा की!"

शेठनी त्या फोटोंवरून चादरी विणल्या आणि जांभळा मोर लई खपला. ऋतुजाने मात्र जिद्दीने बोर्ड दुरुस्त केला आणि शेठना नेऊन दाखवला. मोर स्वच्छ, तुटका धागाही सापडला. शेठचा चेहरा पडला.

"हा तर जुनाच. बिघडलेला कुटं गेला?"

"शेठ, तो बोर्ड रोज वेगळा बिघडायचा."

"मंग रोज तस्साच बिघडू दे की! जोडीतल्या दोन चादरी सारख्या नकोत का?"

ऋतुजाची नोकरी पक्की झाली. हल्ली ती नवे नियम घालत बसते: सिग्नल चुकलाच पाहिजे, पण प्रत्येक बोर्डात तेवढाच. एखादी रेघ चुकून बरोबर आली, की लाल खूण उमटते.

"मी हात लावलेला नाही," अक्का लांबूनच सांगतात.