करडीकर कामिनीबाईंनी पेरू मुलखाचा परवाना मिळविला त्याची हकीकत

कुलदैवतास स्मरून, पदरचे मीठ बेतानेच घालू ऐसा निश्चय करून लिहिले जे: मौजे करडी, तालुके मोहाडी, येथील धानाधिपती राजश्री वासुदेवराव यांची थोरली कन्या कामिनीबाई, वय सत्तावीस, नागपुरी कचेरीत चाकरीस, यांनी मैत्रिणींसह पेरू मुलखी स्वारीचा मनसुबा जाहीर केला. पेरू म्हणजे झाडावरचे फळ, आपले जाम, नव्हेत, समुद्रापलीकडील दौलत आहे, हे समजाविण्यातच पहिला प्रहर खर्ची पडला आणि मग राजश्रींनी जरबेने पुसिले की तेथे जेवणाचा बंदोबस्त काय?

येथे कन्येने स्वहस्ते घात केला. मोबाईल उघडून मुसाफिरांनी चाखावयाच्या जिनसांची फेहरिस्त खडाखडा वाचिली: लिंबात मुरविलेली कच्ची मासोळी, नाव सेविचे, एकाच ताटात भात आणि बटाटे, आणि कुई म्हणोन घुशीएवढे गुबगुबीत जनावर, अख्खे भाजून, दातांसकट. अरे देवा! इतके खरे बोलावयाची गरज काय होती?

राजश्री भडकले. "घुशी खाले चालली का तू? काही जाऊन नाही राहिली!" ऐसा हुकूम सुटला आणि स्वारी मौकूफ जाहली. कन्येने दोन वर्षे रजा साठविली होती, ती ओसरीवरच रडली.

मग दुसरे दिवशी मातोश्री रुखमिणीबाई वांगी चिरता चिरता पुसत्या जाहल्या की तेथे पितात काय? कन्या नाक ओढीत वदली, "चिचा." आता झाडीपट्टीत चिचा म्हणजे चिंचा, हे पोरासोरांस ठावे. मातोश्री गरजल्या, "अवो, चिचेचं पानी पेतेत थे लोकं! आपल्यासारखेच आहेत. जाऊ द्या पोरीले!" राजश्रींचा चिंचेच्या सारावर जीव. ते विरघळले आणि परवाना दिधला.

परंतु कन्येचे मन तिला खाऊ लागले. ती चुलीपाशी जाऊन मातोश्रींस कबुलीजबाब देती जाहली की ती चिंच नव्हे, आंबविलेल्या मक्याची दारू आहे.

मातोश्रींनी मान वर केली नाही. "मले मालूम आहे. तुह्या बहिनीच्या मोबाईलवर काल सारं पाहून घेतलं. म्हनूनच तं इचारलं. तुह्या बापाले कायले सांगतं? जा, पाहून ये सारं. अन् थोडीशीच पेजो."

कन्येने मातोश्रींस कवटाळिले आणि पुन्हा रडली. येणेप्रमाणे करडीची मोहीम फत्ते जाहली. राजश्रींस याहून अधिक कळविण्याचे कारण नाही, ऐसा मातोश्रींचा सक्त हुकूम.