काकूंच्या वाट्याचं क्रियापद

थूल सरांच्या घरी कुठलंही काम एकटा माणूस पुरं करत नाही. सर ग्लास धुतात आणि ओलाच ठेवून देतात. पुसायचा तो दुसऱ्या कुणीतरी. मी एकदा त्यांच्याकडे शिडी मागायला गेले, तर सर शिडीवरच उभे राहून मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा तोडत होते. मला बघून म्हणाले, "बरं झालं आल्या वंदनाबाई. मी तोडून राह्यलो, तुमी वेचा." शिडी हातात पडेपर्यंत माझा पदर शेंगांनी भरला होता आणि ब्लाउज न्यायला आलेलं गिऱ्हाईक माझ्या दारातून परत गेलं होतं.

सर हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झाले. आमच्या सावंगीला दवाखाना मोठा, त्यामुळे नर्सिंग शिकणाऱ्या पोरी गल्लोगल्ली भाड्यानं राहतात. त्यांना सर संध्याकाळी ओसरीवर बोलायचं इंग्रजी शिकवतात. माझी शिलाई मशीन खिडकीशी आणि मधे नुसती कमरेएवढी भिंत. तेव्हा माझं जे काही इंग्रजी आहे, ते ब्लाउजांना हुक लावता लावता कानात शिरलेलं आहे. फी कधी दिली नाही, सरांनीही मागितली नाही.

बाकीचे मास्तर काळ शिकवतात, प्रयोग शिकवतात. सरांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला. पोरी म्हणायच्या, "आय वॉश द ग्लास अँड आय वाइप द ग्लास." सर कपाळाला हात लावायचे.

"अवो, ग्लास एकच आहे ना? मंग दोनदा कायले आणता त्याले? वॉश अँड वाइप इट. क्रियापदं दोन, इट एक. आन् थे बी शेवटी."

आंजी गावची एक पोरगी जरा धीट होती. तिनं विचारलं, "सर, वॉश इट अँड वाइप, असं म्हटलं तं?"

"मंग वाइप उपाशी राह्यलं ना बाई. पहिल्या क्रियापदानं धीर धरायचा. त्याचं इट मागून येऊन राह्यलं असते."

हे नुसतं सांगून भागत नसे. ओसरीवर बादली ठेवलेली असे. एकीनं ग्लास धुवायचा, दुसरीनं पुसायचा. सर बोट वर करून म्हणायचे, "वॉश अँड वाइप..." आणि थांबायचे. सगळ्या पोरी एका सुरात ओरडायच्या, "इट!" मग सर तो ग्लास उजेडात धरून फिरवून बघायचे. बुडाशी एक थेंब दिसला तरी ग्लास परत. "हे वाइप नाई झालं. हे टच झालं." चुकीला सरांकडे माफी नव्हती. पोरी पाठीमागे त्यांना टच सर म्हणायच्या, हे त्यांना ठाऊक होतं.

घरात मात्र दुसरं क्रियापद कायम सरांच्या बायकोचं, सुमनकाकूंचं. सर भाजी आणणार, काकू निवडणार. सर माळ्यावरचा पसारा खाली काढणार, काकू तो लावणार. काकू मला भिंतीवरून म्हणायच्या, "मास्तर सुरू करते आन् निस्तरतो मी." पण म्हणताना त्या हसत असायच्या. त्या दोघांचं जमलेलं होतं.

मागच्या पावसाळ्यात काकूंना लकवा मारला. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं बंद झालं. दवाखाना हाकेवर होता म्हणून जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, हाताला बारीकसारीक कामं द्या, हळूहळू शब्दही येतील. पण काकू घरी आल्या त्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या. कुणी भेटायला आलं की पडदा ओढायची खूण करत. दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी खाटेखाली भिरकावला. अख्ख्या गल्लीला बोलून गप्प करणारी बाई ती.

सरांनी क्लास चालूच ठेवला. उलट त्यांचं खूळ वाढलं. धुतलेला एक ग्लास आता रोज आतल्या खोलीच्या उंबऱ्याजवळ, स्टुलावर, ओलाच ठेवलेला असे. शेजारी टॉवेल. कपडे पिळून बादलीत तसेच. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा परातीत काढून ठेवलेल्या, पण सोललेल्या नाहीत. हे सगळं दुसऱ्या सकाळपर्यंत पडून राही. गल्लीत बाया बोलायला लागल्या. माझंही डोकं फिरलं. बाई आजारी आहे आणि या माणसाला एक काम धड संपवता येत नाही म्हणजे काय?

एकदा काकूंचा ब्लाउज द्यायला गेले. एका हातानं लागावीत म्हणून हुकांच्या जागी टिचबटणं लावली होती. सर बाहेर गेले होते. मी ग्लास पुसला, कपडे वाळत घातले, शेंगा सोलायला बसले. तेवढ्यात सर आले. परात बघितली, ग्लास बघितला.

"तिचं क्रियापद तुमी काऊन केलं?"

इतक्या वर्षांत सर माझ्यावर पहिल्यांदा चिडले होते. मीही काही कमी नाही. म्हटलं, "सर, ग्लास सकाळपासून ओला पडला होता."

"पडू द्या ना. मी सगळंच पुरं करून टाकलं, तं ती उठन कायले?" सरांनी परात माझ्यापुढून ओढून घेतली. "तिच्या वाट्याले काही तं राहू द्या, वंदनाबाई."

आत पडद्यामागे काकूंना हे सगळं ऐकू जात होतं. मी हातातल्या शेंगा परातीत टाकल्या आणि घरी येऊन पोटभर रडले.

त्यानंतर मी त्या ग्लासाला हात लावला नाही. आमच्या धंद्यात अर्धवट शिवण बघवत नाही, त्यामुळे ते सोपं नव्हतं. दिवाळी गेली, थंडी पडली, तरी ग्लास स्टुलावरच. काकू भिंतीकडे. माझी आशा सुटली होती. सर मात्र रोज ग्लास धूत होते.

मग नवीन पोरी आल्या. त्यांचा पहिलाच क्लास होता. सरांनी बोट वर केलं. "वॉश अँड वाइप..." आणि थांबले. पोरींना पुढचं ठाऊक नव्हतं. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

ओसरीच्या दारात काकू उभ्या होत्या. कशा आल्या, भिंत धरून आल्या की काय, कुणाला कळलंच नाही. उजव्या अधू हातानं ग्लास पोटाशी दाबून धरला होता आणि डाव्या हातानं टॉवेल फिरवत होत्या. एवढ्या अनोळखी पोरींसमोर. वाकडं झालेलं तोंड त्यांनी दोनदा हलवलं, तेव्हा कुठे आवाज फुटला.

"इट."

सरांचं बोट वरच राहिलं. माझा पाय मशीनवरून निघाला. काकूंनी ग्लास पुढे केला. तो पुरता पुसला गेला नव्हता, बुडाशी पाणी तसंच होतं, मला खिडकीतून दिसत होतं. पुढे बसलेल्या पोरीलाही दिसलं. तिनं पुसून द्यायला हात पुढे केला.

मी खिडकीतूनच म्हटलं, "राहू दे वं."

सरांनी सवयीनं ग्लास उजेडात धरला, फिरवला. बुडाचा थेंब घरंगळून त्यांच्या मनगटावर आला.

"करेक्ट," सर म्हणाले, आणि तो ओला ग्लास त्यांनी फळीवर उपडा ठेवला.