टॉलिव्हरवरचं निळं तळं

"या महिन्यात टॉलिव्हर डोंगरावर जाऊ या का?" असं टेसने विचारलं, तेव्हा लॉईड हॅस्केटच्या तोंडात ॲपल पाय या सफरचंदाच्या गोड पदार्थाचा भलामोठा घास होता. तो घास नंतर बराच वेळ गिळला गेला नाही.

दर गुरुवारी ड्राय फोर्क गावातलं हे पायी फिरायला जाणारं मंडळ गावामागच्या दफनभूमीच्या टेकडीपर्यंत जायचं आणि परत येऊन लॉईडच्या स्वयंपाकघरात, त्याच्या बायकोच्या, व्हर्नाच्या हातचा ॲपल पाय खायचं. मंडळात तीन जुनी खोडं. तीस वर्षं शाळेची बस चालवलेला लॉईड, खाणीतला निवृत्त मेकॅनिक आर्नी, आणि पोस्ट ऑफिसातून निवृत्त झालेली, मंडळाची अध्यक्ष रॉबर्टा. चौथी टेस मोरेनो. तीन महिन्यांपूर्वी गावाच्या वाचनालयात नोकरीला आलेली आणि लोक सांगतात ते खरं मानायची वाईट सवय असलेली.

"तुम्ही तिघं तर जाऊनही आलायत," टेस म्हणाली. "मला फक्त वरच्या वहीतल्या तुमच्या सह्यांचे फोटो हवेत. मोठे करून वाचनालयाच्या दारातच लावणार आहे."

आर्नीच्या हातातला काटा खाली पडला. रॉबर्टाने कॉफीत चौथा चमचा साखर घातली. तिला मधुमेह आहे.

आमच्याकडच्या वाळवंटी डोंगरांवर, अगदी टोकाला, दगडांच्या ढिगाखाली लोखंडी डबा असतो आणि डब्यात वही. जो वर पोचेल त्याने तारीख घालून नाव लिहायचं. वहीत नाव नसेल तर माणूस वर गेलाच नाही, इथे संपलं. त्यात आमच्याकडे पाऊस म्हणजे वर्षाकाठी चार शिंतोडे. पन्नास पन्नास वर्षं वही कुजत नाही. थापा मारणाऱ्यांना ही हवा अजिबात मानवत नाही.

लॉईडची थाप बत्तीस वर्षांची होती. तेव्हा तो आणि व्हर्ना पिकअप घेऊन टॉलिव्हरच्या पायथ्याशी गेले होते. तिला गाडीत मासिक वाचत बसवून हा शूर गडी एकटा चढायला लागला. खिंडीच्या खाली एक जुनिपरचं झाड आहे. मैलभरात तेवढीच सावली. लॉईड पाच मिनिटं टेकला तो थेट चार वाजता जागा झाला. उशाशी पाण्याची भरलेली बाटली होती. ती आपण गाडीतच विसरलो, असं त्याला वाटत होतं, पण तहान इतकी लागली होती की त्याने फार विचार केला नाही. तो खाली आला आणि बायकोला म्हणाला, "जाऊन आलो!"

"वरून काय दिसतं?" तिने विचारलं होतं.

"तळं," लॉईडच्या तोंडून निघून गेलं. "पूर्वेला. निळंशार."

तेव्हापासून हे तळं दर नाताळला, दर लग्नात, दर बारशाला वाढत गेलं. त्यावर बदकं आली. लॉईड सांगताना जरा अडखळला की व्हर्नाच आठवण करून द्यायची, "आणि ते निळं तळं, लॉईड?" तिला त्या तळ्याचं भारी कौतुक आहे, असं त्याला वाटायचं. आता तिच्याच गावात, वाचनालयाच्या दारात, तिचा नवरा लबाड ठरणार होता.

वहीच्या जुन्या पानांत कोरी जागा शोधून आपलं नाव आणि जुनी तारीख घालायची, एवढाच उपाय होता. म्हणजे न चढलेला डोंगर चढल्याचं दाखवायला आता तो खरंच चढायला हवा होता.

"वाटेत पाणी पेरून ठेवावं लागेल," लॉईड म्हणाला. लांबच्या वाळवंटी चढाईआधी कोणीतरी जाऊन पाण्याचे कॅन लपवून येतं, ही इथली रीतच आहे. "दोन कॅन खिंडीत, दोन सुळक्याखाली. मी जातो सोमवारी."

"तू कशाला? तुझे गुडघे बघ," आर्नी म्हणाला. "मी जातो."

"तुझी कंबर बघ आधी," रॉबर्टा म्हणाली. "अध्यक्ष मी आहे. पाणी मी ठेवणार."

"अध्यक्षांनी पाणी वाहायचं? शोभतं का ते?"

"तू मला शोभा शिकवू नकोस, आर्नी!"

एरवी मंडळाच्या बाकड्याला रंग लावायला या तिघांना वर्षभर वेळ मिळाला नव्हता. आता ते कॅन उचलायला भांडत होते. टेसच्या डोळ्यांत पाणी आलं.

"किती गोड आहात तुम्ही!" ती म्हणाली. "मग सगळेच जा ना. सोमवारी लॉईड, मंगळवारी आर्नी, बुधवारी रॉबर्टा. पाणी काय, जास्त झालं तरी चांगलंच."

व्हर्ना भांडी विसळत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

सोमवारी लॉईड चार कॅन, निळं पेन आणि ट्यूना सँडविच घेऊन निघाला. जुनिपरपर्यंत पोचताना त्याचा जीव मेटाकुटीला आला. झाड होतं तिथेच होतं. सावलीही तशीच, थंडगार. फक्त पाच मिनिटं, असं तो स्वतःशी म्हणाला. जाग आली तेव्हा सूर्य कलला होता आणि सँडविचला मुंग्या लागल्या होत्या. त्याने चारही कॅन झाडाखाली ठेवले, वर दगड रचले आणि तो मुकाट्याने घरी आला.

"ठेवलंस पाणी?" व्हर्नाने विचारलं.

"ठेवलं."

"छान," ती म्हणाली आणि तिने त्याच्या गुडघ्यांना मलम लावलं. लॉईडला त्या मलमाची इतकी लाज वाटली की त्या क्षणी सगळं सांगून टाकावं असं त्याला वाटलं. पण बत्तीस वर्षांची बदकं कुठे उडवून लावणार?

गुरुवारी पहाटे सगळे पायथ्याशी जमले. व्हर्ना थर्मास आणि शब्दकोडं घेऊन पिकअपमध्येच बसली. बाकीचे निघाले. तिघं म्हातारे इतके हळू चालत होते की टेसला वाटलं, जुन्या आठवणींनी त्यांचे पाय जड झालेत.

जुनिपरखाली ती थबकली. "हे काय?"

झाडाखाली बारा कॅन होते. लॉईडचे चार दगडांखाली. आर्नीचे चार खाणीतल्या दोरीने फांदीला बांधलेले. रॉबर्टाच्या चार कॅनवर नीट अक्षरात पत्ता लिहिला होता, दोनवर 'खिंड, टॉलिव्हर' आणि दोनवर 'सुळका, टॉलिव्हर'. गावाचं एक पाकीटही जिने कधी हरवू दिलं नाही, तिचं हे पार्सल वाटेतच अडकून पडलं होतं.

"मग वरचं पाणी कुठाय?" टेसने विचारलं.

लॉईडने आर्नीकडे पाहिलं. आर्नीने रॉबर्टाकडे.

"तू मंगळवारी कुठवर गेलास रे?" लॉईडने हळूच विचारलं.

"तू सोमवारी कुठवर गेलास?"

"झाड चांगलं आहे," रॉबर्टा म्हणाली. "थंड लागतं."

टेस काय ते समजली असावी. तिने दोन कॅन उचलले आणि ती वर चालू लागली. आता मागे वळायची सोय उरली नव्हती. तिघांनी एकेक कॅन घेतला. सावली खाली राहिली. खिंडीत आर्नीची कंबर धरली, सुळक्याखाली रॉबर्टाने देवाला आणि टेसला आळीपाळीने शिव्या घातल्या, आणि लॉईड शेवटचे शंभर फूट चक्क रांगत चढला. पण चढला.

वर पोचल्यावर त्याने आधी पूर्वेला पाहिलं. क्षितिजापर्यंत पांढरंफटक मिठाचं मैदान. पाण्याचा थेंब नाही. बदकाची तर बातच नको.

टेसने दगडांखालून डबा काढला. वहीत सगळी मिळून अकरा नावं होती. ती एकेक पान उलटत गेली आणि एका पानावर थांबली.

"वाचू?"

"वाच," लॉईड म्हणाला. पळायला जागाच कुठे होती?

"'१४ एप्रिल १९९१. व्हर्ना हॅस्केट. नवरा पाणी गाडीत विसरला म्हणून मागून आले. तो झाडाखाली झोपलाय, घोरतोय. उठवलं नाही. बाटली उशाशी ठेवली. इतकी आलेच होते, म्हटलं वर जाऊन यावं. हवा छान. पूर्वेला मिठाचं मैदान, बाकी काही नाही.'"

आर्नीने टोपी काढली. रॉबर्टा आधी फुसफुसली आणि मग इतकी हसली की तिला खाली बसवावं लागलं. लॉईड मात्र त्या अक्षरांकडे बघत राहिला. बत्तीस वर्षं दर नाताळला आपल्याकडे बघत तळ्याची आठवण करून देणारी ती बाई त्याला आठवली. लाज वाटली, आणि लाजेच्या कितीतरी पट तिच्यावर जीव जडला.

"याचा फोटो काढू का?" टेसने चाचरत विचारलं.

"काढ. आणि दारातच लाव," तो म्हणाला. निळं पेन काढून त्याने व्हर्नाच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं, आजची तारीख घातली आणि पुढे 'पहिल्यांदाच' असं लिहिलं. मग पेन आर्नीला दिलं. आर्नीनेही तेच लिहिलं. रॉबर्टाने जरा सुवाच्य लिहिलं.

उन्हं उतरताना ते खाली पोचले. व्हर्ना पिकअपच्या पायरीवर बसली होती. शब्दकोडं सुटलं होतं. तिने लॉईडच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि थर्मासमधली कॉफी ओतून कप त्याच्या हातात दिला.

"आणि ते निळं तळं, लॉईड?"

लॉईड तिच्या शेजारी टेकला. त्याने कॉफीचा एक मोठा घोट घेतला.

"आटलं," तो म्हणाला.

"अरेरे," व्हर्ना म्हणाली आणि त्याच्याजवळ सरकून बसली. "बदकांचं काय झालं मग?"